पाळकाचे काम नेमके कोणते? पहिल्या नेमणुकीवरच्या एका पाळकांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, तालुक्याच्या एका गावी पहिल्याच नेमणुकीवर आहेत. गावात मंडळीची 60 घरे, आसपासच्या वस्त्यांवर आणखी 30. आठ महिन्यांत कानावर आलेल्या तक्रारी त्यांनी लिहिल्या आहेत. पाळक घरी येत नाहीत, उपदेश डोक्यावरून जातो, तरुणांना गिटार-ड्रम हवेत आणि वडीलधाऱ्यांना पेटी-तबला. सेक्रेटरींचा आग्रह असा की कंपाउंडच्या जमिनीच्या दाव्यात प्रत्येक तारखेला पाळकांनी कोर्टात हजर राहावे. त्यातच मंडळीतल्या एका बाईंनी नवरा मारतो असे सांगितले आणि कुणाजवळ बोलू नका अशी शपथ घातली. ‘यातली माझी जबाबदारी कोणती आणि कोणत्या कामाला मी नाही म्हणू शकतो?’ असे ते विचारतात.

सलाम, पाळकसाहेब. तुम्ही कामांची यादी मागितली आहे, पण ती तर दीक्षाविधीच्या दिवशी तुम्ही स्वतः कबूल केली आहे: वचनाची सेवा, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, कळपाची राखण. माझ्या मते अडचण यादीची नाहीच. मंडळीतल्या प्रत्येकाच्या मनात पाळकाचे एकेक काम पक्के बसलेले असते आणि तेवढे झाले नाही की त्याच्या लेखी पाळक काहीच करत नाहीत. सगळ्यांना पुरे पडण्याच्या धावपळीत, जे तुमच्यावाचून होणारच नाही त्यालाच वेळ उरत नाही. म्हणून कामे तपासताना मी एकच विचारत आलो: हे मी केले नाही तर मंडळीतले दुसरे कोणी करू शकेल का? करू शकत असेल तर ते त्यांना द्यायचे आणि नीट होते आहे की नाही यावर लक्ष ठेवायचे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमची मंडळी स्वतंत्र आहे की एखाद्या धर्मप्रांतातली, म्हणजे बिशपांच्या हाताखालची, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझी सगळी सेवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्यांत गेली, आधी खेड्यांत, मग पुण्यात. हे चर्च 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरा एकत्र येऊन स्थापन झाले. त्या जुन्या सवयी अजून मुरलेल्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाच्या मंडळीत सभासदांच्या सभेचा शब्द मोठा असतो, अँग्लिकन वळणाच्या मंडळीत लोक आधी बिशपसाहेबांचे म्हणणे विचारतात. पाळकाला किती मोकळीक आहे हे घटनेत एक असते आणि गावच्या रिवाजात दुसरे. दोन्ही समजून घ्यायला पहिले वर्ष द्या आणि तोवर मोठा बदल काढू नका. शिवाय तुमची बदली काही वर्षांनी होणार असेल, तर फक्त तुमच्या अंगावर उभे राहणारे कोणतेही काम सुरू करताना दोनदा विचार करा.

आता घरभेटी. तुमच्या तक्रारींत त्या पहिल्या आहेत आणि ते बरोबरच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातला मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो. यहेज्केलाच्या 34 व्या अध्यायात मेंढपाळांवर जो ठपका आहे तोही पाहा: दुबळ्यांना बळ दिले नाही, रोग्यांना बरे केले नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, भरकटलेल्यांना परत आणले नाही, हरवलेल्यांना शोधले नाही. यातले एकही काम वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, बसून होत नाही. तुमचा उपदेश डोक्यावरून जातो आणि तुम्ही घरी येत नाही, या दोन तक्रारी मला एकच वाटतात. ज्याची विहीर गेल्या पावसात ढासळली, ज्याची मुलगी बारावीत नापास होऊन गप्प बसली आहे, त्याला रविवारी काय ऐकायचे आहे हे सेमिनरीच्या ग्रंथालयात सापडणार नाही.

90 घरांची फेरी अवघड नाही. आठवड्याला 5 घरे धरली तरी 18 आठवड्यांत एक फेरी होते. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरला रिचर्ड बॅक्स्टर हे पाळक होते. त्यांच्याकडे 800 च्या वर कुटुंबे होती. सोमवार आणि मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत ते आणि त्यांचे सहायक कुटुंबांना भेटत आणि वर्षात सगळे गाव पुरे करू पाहत. ते हे करू शकले कारण त्यांनी वार ठरवले होते. ‘वेळ मिळाला की जाईन’ म्हणणारा पाळक शेवटी फक्त बोलावणे आलेल्या घरी जातो, आणि बोलावणारी घरे बहुधा तीच ती असतात. तुम्हीही दोन वार ठरवा आणि ते मंडळीत जाहीर करा.

भेट लांबवू नका, वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. आधी फोन करा. चहा घ्या, जेवणाला शक्यतो नाही म्हणा, कारण एका घरी जेवलात की दुसऱ्या घरी न जेवल्याची गोष्ट होते. बाहेरच्या खोलीत तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली असेल, पण आजारी म्हातारी आत खाटेवर असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा. घरात कोण दिसत नाही ते विचारा. चाकणला कंपनीत गेलेला मुलगा तिकडे कोणत्या मंडळीत जातो, त्याचा नंबर काय, हे तिथेच कळते. शास्त्रपाठ घरातल्या शाळकरी मुलाला वाचू द्या. 121 वे स्तोत्र आठच वचनांचे आहे, अडखळत वाचले तरी चालते. प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाचे नाव घ्या. शेजारच्या घराबद्दल बोलणे निघाले तर विषय बदला, कारण आज तुम्ही ऐकून घेतलेत तर उद्या तुमच्यासमोर कोणी मन मोकळे करणार नाही. बाई घरी एकटी असेल तिथे एकट्याने जाऊ नका. पाळकीणबाईंना, नाहीतर महिला मंडळातल्या कुणाला सोबत न्या. आणि परत आल्यावर कुटुंबांच्या वहीत दोन ओळी लिहा: आजारपण, परीक्षा, लग्नाचा वाढदिवस, घरातले कोण कधी वारले. कानावर पडलेली गुपिते मात्र त्या वहीत कधीच लिहू नका. ती वही पुढच्या पाळकाच्या हाती जायची आहे.

तुमचा तालुका बीड-अहिल्यानगर पट्ट्यातला असेल तर आणखी एक गोष्ट. ऊसतोडणीला जाणारी घरे दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे नाताळ, नवे वर्ष आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा बराचसा भाग ती मंडळीत नसतात. सभासदांच्या यादीत अशा माणसांपुढे ‘गैरहजर’ लिहिलेले मी पाहिले आहे आणि मला ते फार लागले. आम्ही नाताळाच्या आठवड्यात कारखान्याच्या अड्ड्यावर जात असू. तिथे उपासनेची वेळ पाळक ठरवू शकत नाही. गाडी भरायला ट्रॅक्टर कधी येणार हे मुकादमाला विचारायचे आणि त्या मधल्या तासात बसायचे. कोप्यांमधल्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांमधल्या, मोकळ्या जागेत ताडपत्री, मोबाइलच्या उजेडात शास्त्रपाठ, बायका पिठाचे हात तसेच घेऊन येऊन बसलेल्या. प्रभुभोजन झाले की लगेच कुणी तरी पाचटाच्या जखमेवर लावायला मलम आहे का म्हणून विचारायचे, तेही पिशवीत ठेवायचे. ज्यांचे कोयते पहाटे चारला निघणार त्यांच्यापुढे दहा मिनिटांहून जास्त बोलू नये. निघण्याआधी कोण कोणत्या कारखान्याला चालले आहे याची नोंद घेतलीत तर डिसेंबरात शोधाशोध होत नाही.

एवढे सगळे करायचे तर बाकीची कामे हातातून सुटली पाहिजेत, आणि नाही म्हणायला तुम्हाला संकोच वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांचा 6 वा अध्याय या नजरेने पुन्हा वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार झटकली नाही. वचन आणि प्रार्थना आम्ही सोडणार नाही, वाटपासाठी तुम्हीच सात माणसे निवडा, असे त्यांनी मंडळीला सांगितले. निवडलेल्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावे आहेत. ज्यांना आपण डावलले गेलो असे वाटत होते, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती काम आले. तुमच्या वस्त्यांवरच्या 30 घरांतून कमिटीवर कोणी आहे का? नसेल तर वस्त्यांवरच्या प्रार्थना, आजाऱ्यांची खबर, संडे स्कूल या गोष्टी तिथल्याच दोघा-तिघांवर सोपवा आणि त्यांना महिन्यातून एकदा शिकवायला बसा. मोशेला त्याच्या सासऱ्याने, यथ्रोने, निर्गमच्या 18 व्या अध्यायात दिलेला सल्ला हाच आहे: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, नाहीतर तूही थकशील आणि हे लोकही थकतील. नाही म्हणताना ‘हे माझे काम नाही’ असे म्हणू नका, लोक दुखावतात. ‘हे कोणाकडे सोपवू या?’ म्हणा आणि त्याच बैठकीत नाव ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.

गिटार आणि पेटीचा वाद दोन तरुण आणि दोन वडीलधाऱ्यांच्या हाती द्या. गीतांचे शब्द त्या रविवारच्या शास्त्रपाठाला धरून असावेत एवढी अट तुमची, बाकीचे त्यांचे. या वादात पाळकाने बाजू घेतली की वाद संगीताचा राहत नाही.

कोर्टाच्या तारखा सेक्रेटरी, खजिनदार आणि वकिलांच्या. मात्र हे काम सोपवताना डोळे उघडे ठेवा. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनी बऱ्याच ठिकाणी स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, वेगळ्या न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नावावर असतात. ट्रस्टची मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची किंवा बिगरशेती जागा 3 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या 36 व्या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. पाळक बहुतेक वेळा कमिटीचे अध्यक्ष असतात, त्यामुळे कागद सहीला तुमच्यापुढे येणारच. ‘साहेब, फक्त इथे सही’ असे कोणी म्हणाले तर तो कागद घरी न्या, सावकाश वाचा आणि धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय सही करू नका. घाई करणारा माणूस कितीही श्रद्धाळू असला तरी.

पैशाबद्दल माझे मत फार कडक आहे. अर्पणाची थैली पाळकाने मोजू नये, घरी नेऊ नये, तिजोरीची किल्ली ठेवू नये. उपासना संपली की वेस्ट्रीत दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी मोजायचे, पावतीपुस्तक आणि रोजकीर्दीत लिहायचे, दोघांनी सह्या करायच्या आणि सोमवारी बँकेत भरायचे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलानेसुद्धा सोबत इतर बंधू घेतले, आणि 2 करिंथ 8 मध्ये कारण दिले की प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने हे चोख असावे. मदतनिधी असेल तर कोणाला किती द्यायचे हे दोन वडिलांसह ठरवा, पण घेणाऱ्याचे नाव बैठकीत मोठ्याने वाचू नका. हिशेब वर्षातून एकदा सभासदांपुढे आला की मंडळीतली निम्मी कुजबुज थांबते, असा माझा अनुभव आहे.

लग्न लावणे हे मात्र कुणाकडे सोपवता येत नाही, कारण तिथे मंडळीइतकेच तुम्ही कायद्यालाही बांधील असता. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाहनोंदवही नीट भरणे, साक्षीदारांच्या सह्या, वधूवरांचे वय कागदावर पाहणे ही तुमची जबाबदारी. त्या कायद्याच्या 10 व्या कलमात विवाहविधी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत लावायचा असे आहे, विशेष परवान्याचे अपवाद सोडून. वरात बँडच्या तालावर साडेसहाला चौकातच असेल तर वराच्या मामांना आधीच फोन करा. लग्नाआधी दोघांशी दोन-तीनदा बसून बोला, त्यातली एक भेट वेगवेगळी घ्या. मुलीला हे लग्न मनापासून हवे आहे का, हे तिच्या घरच्यांसमोर कळत नाही.

उपदेशाची तयारी आणि विश्रांती यांच्याबद्दल थोडेच सांगतो. आठवड्यातल्या दोन सकाळी बायबल घेऊन बसण्यासाठी राखा आणि त्या वेळी पाळकनिवासाच्या दारावर कोण आले तर पाळकीणबाईंना खोटे बोलावे लागू नये, म्हणून ती वेळही जाहीर करा. एक दिवस घरच्यांचा. मरण आणि अपघात यांना दिवस नसतो, बाकी सगळे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकते. कोणी गेल्याचा निरोप आला की हातातले टाकून जा, तिथे फार बोलू नका, दफनविधीचा कागद-कबर-वेळ तुम्ही बघा. आणि महिन्याभराने पुन्हा जा. पाहुणे गेलेले असतात, भांडी परत दिलेली असतात, तेव्हा त्या घराला पाळक खरा लागतो.

त्या बाईंचे मी मुद्दाम शेवटी घेतले, कारण इथे घाईने दिलेला सल्ला जिवावर बेतू शकतो. पाळकाला सांगितलेली गोष्ट पाळकापाशीच राहिली पाहिजे, यात शंका नाही. ती कमिटीत जाऊ नये, प्रार्थनाविनंतीच्या रूपाने महिला मंडळातही जाऊ नये. पण ‘कुणालाही कधीच सांगणार नाही’ असे वचन पुढे कुणालाही देऊ नका. ‘तुम्हाला विचारल्याशिवाय बोलणार नाही, पण कुणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तर मला गप्प बसता येणार नाही’ एवढे ऐकायच्या आधीच सांगावे. त्यांच्यासोबत पाळकीणबाई किंवा त्यांच्या विश्वासातली एखादी स्त्री असेल तेव्हा पुन्हा भेटा आणि सरळ विचारा: आज रात्री घरी जायला भीती वाटते का? तो मुलांना मारतो का? जायला जागा आहे का? आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले दुसरीकडे ठेवायचे आहेत का?

नवऱ्याला बोलावून समज देण्याचा मोह आवरा. तिने सांगितले हे त्याला कळले की मार वाढतो. मत्तय 18 मधला ‘आधी एकांतात जाऊन बोल’ हा क्रम मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यापुढे एकटे उभे करायला सांगत नाही. इफिसकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायातले ‘पतीच्या अधीन असा’ हे वाक्य घेऊन तिला परत पाठवणारे पाळक मी पाहिले आहेत. त्याच अध्यायात, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती नवऱ्याने करावी, असे लिहिले आहे. ते वाक्य तिच्या नवऱ्याला कुणी वाचून दाखवत नाही. क्षमा करणे वेगळे आणि त्याच घरात मार खात राहणे वेगळे, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिच्या मनात देवाच्या इच्छेबद्दल जी भीती घातली गेली आहे ती पाळकाच्या शब्दानेच निघते.

तिला हक्क माहीत असू द्या. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो आणि राहत्या घरातून तिला सहज बाहेर काढता येत नाही. महिलांसाठी मदतीचा क्रमांक 181, तातडीच्या वेळी 112. झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे ती बोलत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक द्या. प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या. सज्ञान बाईच्या बाबतीत पोलिसांत जायचे की नाही हा निर्णय शक्यतो तिचा. पण बोलण्यातून लहान मुलाच्या लैंगिक छळाचे काही निघाले तर निवड उरत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवल्यास 21 व्या कलमाखाली शिक्षा आहे, आणि पाळकाने शपथ घेतली होती हे कारण तिथे चालत नाही.

नवराही तुमच्याच मंडळीतला आहे. त्याच्याशी बोलायचे आहे, पण ती सुरक्षित झाल्यावर आणि तिने हो म्हटल्यावर. ती वेळ आली आणि तो कमिटीत किंवा संडे स्कूलवर असेल, तर पदावरून बाजूला होण्याबद्दल त्याला स्पष्ट सांगा, मोठ्या घरचा असला तरी. आणि तिने सगळे ऐकून घेऊन तिथेच राहायचे ठरवले तर तिच्यावर रागावू नका. पाळकीणबाईंनी आठवड्याला काही तरी निमित्ताने तिची गाठ घेत राहावे, आणि मध्यरात्री तिचा फोन आला तर तो कोण उचलणार, तिला आणायला कोण आणि कुठल्या गाडीने जाणार, हे आजच ठरवून तिला सांगून ठेवा.